जुनी ७८ आरपीएमची ध्वनिमुद्रिका पेटीशी जुळत नव्हती : माझा अनुभव

नौपाड्यात घरी रियाजासाठी इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावरून एका गायिकेची शंभरेक वर्षांपूर्वीची तबकडी उतरवली. पेटी लावून बसले, तर षड्ज (सा) पेटीच्या ना काळी चारवर, ना पांढरी सहावर. मधेच कुठेतरी.

फोनवरच्या अ‍ॅपने पट्टी बदलली. ते अर्ध्या स्वराच्या उडीनेच बदलतं, फरक राहिलाच. दुसरी प्रत शोधली, तीही तशीच. तीन संध्याकाळी यातच गेल्या, फार चिडचिड झाली.

कारण वेगात होतं. त्या काळी सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर (७८ आरपीएम) मुद्रित होत नसत. कमी वेगाची तबकडी ७८ वर वाजवली की स्वर चढतो, लयही वाढते. म्हणून नुसती पट्टी नाही, वेग बदलायचा.

आधी एमपी३ऐवजी फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल घ्या. ती ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लांब ठेवलेला षड्ज तेवढाच निवडा (माझा आलापाच्या शेवटी मिळाला, तिथे सारंगी थांबते). ॲनलाइझमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम, साइझ १६३८४. आलेखात ४०० हर्ट्झच्या आसपासचं शिखर बघा. माझं ४२८ हर्ट्झ आलं. काळी चार म्हणजे ४१५.३. ४१५.३ भागिले ४२८ म्हणजे ०.९७०३, म्हणजे उणे २.९७ टक्के. आता पूर्ण फाइल निवडून 'चेंज स्पीड अँड पिच'मध्ये -२.९७ टाका. 'चेंज पिच' नको, त्याने लय तशीच धावती राहते.

पेटीचा सा धरला, बाईंचा सा त्यात मिसळून गेला.