दुहेरीतले टेनिस हाच पेशा करायचा असेल तर

व्यावसायिक टेनिसमध्ये केवळ दुहेरी खेळून पोट भरता येते, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. गेल्या तीन दशकांत आपल्या देशाने ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली ती प्रामुख्याने दुहेरीत आणि मिश्र दुहेरीत. तरीही अनेक पालक आणि काही प्रशिक्षकही दुहेरीकडे एकेरीत न जमलेल्यांची सोय म्हणून पाहतात. ही समजूत नुकसान करते, कारण तिच्यामुळे खेळाडू दुहेरीचे कौशल्य उशिरा शिकू लागतो आणि जोडीदार निवडण्याच्या निर्णयाकडे गांभीर्याने पाहत नाही. माझ्या मते या पेशात त्या निर्णयाहून मोठा दुसरा निर्णय नाही.

पहिला प्रश्न असतो एकेरी केव्हा सोडायची हा. विसाव्या वर्षाच्या आत ती सोडू नये, असे मला ठामपणे वाटते. एकेरीमुळे पायांत बळ येते, परतीच्या फटक्याला धार येते आणि दडपणाखाली एकट्याने विचार करण्याची सवय लागते. शिवाय एक व्यावहारिक लाभही आहे. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या स्पर्धांत दुहेरीचा प्रवेश दोन्ही खेळाडूंच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो आणि एखाद्याचा एकेरीचा क्रमांक दुहेरीपेक्षा सरस असेल, तर बेरजेत तो धरता येतो. रोहन बोपण्णा एकेरीत 2007 मध्ये 213 व्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता. युकी भांब्री 2018 मध्ये 83 वा होता आणि दुखापतींनंतर त्याने दुहेरीचा मार्ग धरला. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली सानिया मिर्झा एकेरीत 27 व्या क्रमांकावर गेली होती. मनगट आणि गुडघ्यांच्या दुखापतींनंतर 2013 मध्ये तिने एकेरी थांबवली आणि 2015 च्या एप्रिलमध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. या तिघांच्याही दुहेरीच्या यशामागे एकेरीतली वर्षे होती.

ज्यांना शिक्षण सोडायचे नाही त्यांच्यासाठी अमेरिकेतील विद्यापीठीय टेनिस हा उत्तम मार्ग आहे, कारण तेथील सांघिक लढतींमध्ये दुहेरीचा स्वतंत्र गुण असतो आणि प्रत्येक संघाला दुहेरीचा सराव मनापासून करावा लागतो. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला आणि 2024 मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने त्याने अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकली.

यानंतर क्रमवारीचे गणित नीट समजून घ्यावे. सुरुवात आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या एम15 आणि एम25 या सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धांपासून होते. त्यांच्या वर चॅलेंजर आणि त्यांच्याही वर एटीपी 250, 500 आणि मास्टर्स 1000 या पायऱ्या आहेत. या नावांतला आकडा विजेत्याला मिळणारे गुण सांगतो आणि ते गुण जोडीतल्या प्रत्येकाला पूर्ण मिळतात. गुण 52 आठवडे टिकतात. त्यामुळे गेल्या वर्षी याच आठवड्यात तुम्ही एखादी स्पर्धा जिंकली असेल, तर यंदा पहिल्या फेरीत हरताच क्रमांक घसरतो. एटीपी 250 स्पर्धेत दुहेरीच्या फक्त 16 जोड्यांना जागा असते. तुमचा क्रमांक 90 आणि जोडीदाराचा 140 असेल, तर 230 या बेरजेवर कोणत्या आठवड्यात कोणत्या स्पर्धेत आत जाता येईल, याचा अंदाज दोघांनी मिळून महिनाभर आधी बांधावा. मोठ्या स्पर्धेच्या प्रतीक्षायादीत ताटकळण्यापेक्षा चॅलेंजरमध्ये दोन-तीन सामने जिंकणे सुरुवातीच्या काळात अधिक लाभाचे ठरते. पुण्यात बालेवाडीला चॅलेंजर स्पर्धा होतात, तेव्हा प्रवासखर्च वाचवणारी ती संधी महाराष्ट्रातल्या खेळाडूने सोडू नये.

एटीपीच्या नेहमीच्या स्पर्धांत 40-40 झाल्यावर एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो. तो गुण कोणत्या बाजूने परतवायचा हे परतवणारी जोडी ठरवते. सेट 1-1 असे झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक होतो. या नियमांमुळे सरस जोडीही वरचेवर हरते, म्हणून एखाद्या पराभवावरून जोडीची किंमत करू नये. त्याच नियमांमुळे पहिली सर्व्हिस आत पडण्याला विलक्षण महत्त्व येते. सर्व्हिस वेगवान असण्यापेक्षा ती प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मधल्या रेषेवर अचूक टाकता येणे दुहेरीत मोलाचे आहे, कारण तेथून येणारा चेंडू नेटजवळ उभ्या असलेल्या साथीदाराला आडवा जाऊन टिपता येतो. परतीचा फटका नेटच्या अगदी थोडा वरून न्यावा आणि सर्व्हिस करून पुढे धावणाऱ्याच्या पायांशी पाडावा. दुहेरीचे कोर्ट 36 फूट रुंद, म्हणजे एकेरीपेक्षा 9 फुटांनी अधिक असते, तरीही बहुतेक गुण मधल्या पट्ट्यात ठरतात. म्हणून मध्यावर आलेला चेंडू कोणाचा, हे सामन्याआधीच ठरलेले असावे. सरावाच्या एकूण वेळेपैकी निम्मा वेळ सर्व्हिस, परतीचा फटका आणि पहिली व्हॉली (चेंडूचा टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) या तिन्हींना द्यावा. लांबलचक रॅलींचा सराव येथे फारसा कामी येत नाही.

जोडीदार शोधताना मैत्रीच्या आधी खेळाचा मेळ पाहावा. दोघांपैकी कोण डाव्या बाजूने परतवणार आणि कोण उजव्या, हा पहिला मुद्दा, कारण दोघेही एकाच बाजूचे सरावलेले असतील तर एकाला वर्षभर अवघडल्यासारखे खेळावे लागते. दुसरा मुद्दा क्रमांकांतील अंतराचा. अंतर फार असेल तर वरचा खेळाडू पहिल्याच पडझडीत दुसरीकडे पाहू लागतो. तिसरा मुद्दा वेळापत्रकाचा आहे आणि दुर्दैवाने त्यावर कमीत कमी बोलले जाते. किती आठवडे खेळायचे, कोणत्या मैदानांवर, प्रशिक्षकाचा खर्च वाटून घ्यायचा का, दुखापत झाल्यास दुसऱ्याने कोणाबरोबर खेळायचे, हे सारे हंगामाआधी स्पष्ट ठरवावे. बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्या भावांनी एकत्र 119 विजेतेपदे मिळवली, परंतु तसा योग इतरांच्या वाट्याला येत नाही. लिअँडर पेस आणि महेश भूपती 1999 मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले, त्यांपैकी फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले आणि तरीही त्यांची जोडी टिकली नाही.

पैशांबाबत भ्रम नसावा. 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डन यांना विजेतेपदासाठी मिळून 7,30,000 ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, तर एकेरीच्या विजेत्याला एकट्याला 31,50,000. शिखरावर ही स्थिती, तर एम15 स्पर्धेत एकेरी आणि दुहेरी मिळून एकूण बक्षीसच 15,000 अमेरिकन डॉलर असते आणि त्यातला दुहेरीचा वाटा विमानाच्या तिकिटालाही पुरत नाही. म्हणून पहिल्या काही वर्षांसाठी पुरस्कर्ता, नोकरी देणारी संस्था किंवा घरचा आधार यांपैकी काहीतरी निश्चित करूनच निघावे. परदेशी बक्षिसातून तेथेच कर कापला जातो, त्याची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, कारण भारतात विवरणपत्र भरताना ती लागतात.

या पेशाची एक बाजू मात्र खरोखर आनंदाची आहे, ती म्हणजे त्याचे आयुष्य. बोपण्णा 29 जानेवारी 2024 रोजी जगात पहिला झाला तेव्हा त्याचे वय 43 होते. गुडघ्यांची कूर्चा झिजलेली असताना अय्यंगार योगाने आपल्याला उभे ठेवले, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. म्हणून खांदा, पाठ आणि गुडघे यांचा व्यायाम विशीतच रोजच्या दिनक्रमात बसवावा आणि फिजिओचा खर्च जोडीने वाटून घ्यावा.

जोडी मोडायची वेळ आली तर ती हंगामाच्या अखेरीस, समोरासमोर बोलून मोडावी. आधी नवा साथीदार ठरवून जुन्याला दुसऱ्याकडून कळू देणे अत्यंत वाईट. दुहेरीचे वर्तुळ लहान असते आणि आज सोडलेला जोडीदार उद्या नेटपलीकडे, किंवा दोन वर्षांनी पुन्हा आपल्याच बाजूला उभा असतो.