सॉफ्टवेअर विकायला आलेल्याला आधी आंबा कापून दाखवा

देवगडात आमची हापूसची कलमं आहेत. पेट्यांचा आणि नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारातून येणाऱ्या पट्ट्यांचा (दलालाने पाठवलेल्या विक्रीच्या हिशेबांचा) हिशेब मी ठेवते. मोहोर धरला की सॉफ्टवेअर विकणारे येऊ लागतात. एकाला आम्ही आगाऊ पैसे दिले होते. पेटीवरचा कोड स्कॅन केला की गिऱ्हाइकाला आमची बाग दिसणार होती, तेही ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांच्या संगणकांवर सारखीच ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत. ते 'पुढच्या व्हर्जन'मध्ये येणार होतं. हंगाम सरला, व्हर्जन आलं नाही, पैसेही गेले. तेव्हापासून मी असं करते.

मोठा शब्द आला की तो आपल्या कामात उतरवून मागा. ब्लॉकचेनवरची नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही, हे खरं. पण कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून पहिलीच नोंद खोटी केली, तर ती खोटीच टिकणार. म्हणून विचारा: पहिली नोंद कोण करणार, ती तपासणार कोण? आणि वाशीचा दलाल पुढची नोंद भरेल का? संगणक कंपनी आयबीएम आणि जहाज कंपनी मर्स्क यांनी २०१८ साली जहाजी मालासाठी ब्लॉकचेनवरचं 'ट्रेडलेन्स' आणलं. बाकीच्यांची साथ पुरेशी मिळाली नाही, म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. एवढ्या मोठ्यांचं हे झालं!

डेमो त्यांच्या नव्हे, आपल्या मालावर घ्या. एकजण म्हणाला, एआय फोटोवरून साका ओळखतं. साका म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं; तो गरात असतो, सालीवर दिसत नाही. मी वीस फळं पुढे ठेवली. त्याने चांगली म्हणून काढलेली बारा आम्ही तिथेच कापली, तिनांत साका निघाला. कापल्याशिवाय पैशाचं बोलूच नका. बागेत रेंज नसते, तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाकून एक पेटी नोंदवायलाही सांगा.

'येणार आहे' याला किंमत देऊ नका. मायक्रोसॉफ्टने विंडोज १९८३ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं, लोकांच्या हाती आलं १९८५ च्या नोव्हेंबरात. आपला हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. आज चालतंय तेवढ्याचेच पैसे द्या. उरलेलं कधी देणार ती तारीख पावतीवर लिहून घ्या. आपला हिशेब एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, तेही समोर करून बघा.

यंदा आलेल्या मुलाला मी साक्याचं विचारलं. "काकी, ते आमच्याकडे होत नाही," तो म्हणाला. बिलांचं सॉफ्टवेअर मी त्याच्याकडूनच घेतलं.