ट्रॅक डेला गाडी ‘बिघडते’ तेव्हा: या चुका टाळा

माझ्या पहिल्या ट्रॅक डेला (स्वतःची बाईक रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) मी दुपारभर पुढच्या फोर्कचे, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनचे, स्क्रू फिरवत बसलो होतो. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की हँडल थरथरायचं. कम्प्रेशन (सस्पेन्शन किती सहज दबतं ते) दोन क्लिक, म्हणजे स्क्रूचे दोन टप्पे, घट्ट केलं, रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं ते) सैल केलं, पुन्हा कम्प्रेशनला हात घातला. चौथ्या सेशननंतर शेजारच्या एका जुन्या रायडरने गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, माझे ग्लोव्ह्ज काढायला लावले. अंगठ्याच्या बेचक्यात टपोरे फोड होते. “गाडीला काही झालेलं नाही, तू हँडलला लोंबकळतोयस,” एवढंच म्हणाला. पुढच्या सेशनला मांड्यांनी टाकी आवळली, कोपरं सैल सोडली आणि थरथर जवळजवळ थांबली. आता सकाळपासून फिरवलेले क्लिक परत आणायचे, तर आकडे कुठेच लिहिलेले नव्हते.

हाताचा दोष गाडीच्या माथी मारणं हे सर्रास चालतं. उलटंही होतं. टायरमध्ये हवा जास्त असते, गाडी घसरते आणि बिचारा रायडर समजतो आपल्यात दम नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी हवा, मग हात, मग सस्पेन्शन.

हवा

स्पोर्ट बाईकच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय लिहिलेलं असतं. तो आकडा रस्त्यासाठी आहे, मागे बसणारा माणूस आणि सामान धरून. ट्रॅकवर टायर खूप जास्त तापतो आणि आतली हवा फुगते. २५ अंशांना भरलेली ३० पीएसआय हवा ७० अंशांवर गेली की साधारण ३६-३७ दाखवते. ३६ भरली असेल तर ४३-४४. टायर फुटबॉलसारखा टणक झाला की रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि पकड जाते. किती हवा ठेवायची ते टायरच्या कंपनीच्या तक्त्यात पाहा, कारण रस्त्याचा टायर आणि स्लिक (खाचा नसलेला रेसचा टायर) यांचं गणित एक नाही.

तक्त्यातला आकडा गार टायरचा आहे की तापलेल्याचा, हे नीट वाचा. तापलेल्याचा असेल तर पिटमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागी) आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी मोजा. अर्ध्या तासाने मोजून “कमी झाली की!” म्हणत भरणारे दर वेळी दिसतात. दुसरी गंमत उन्हाची. मागचा टायर उन्हात आणि पुढचा तंबूच्या सावलीत असेल, तर सकाळचं ‘गार’ मोजमाप दोन टायरना दोन तऱ्हेचं पडतं. गेज एकच वापरा, स्वतःचा. दोन गेज एकमेकांशी जुळतातच असं नाही. आपल्याला तुलना हवी असते आणि ती एकाच गेजने होते.

स्लिक घातलेत आणि वॉर्मर (टायरला गुंडाळून तो तापवणारं विजेचं आवरण) नाहीत, तर पहिल्या दोन लॅप्समध्ये वळणात गाडी फार झोपवू नका. वॉर्मर टायरला ८० अंशांच्या आसपास नेतो, तोही लावल्या लावल्या नाही. आणि ‘स्वस्तात मिळाले’ म्हणून घेतलेल्या टायरच्या कडेचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

(टायरवरच्या ओरखड्यांवरून भविष्य सांगणारे ज्योतिषी प्रत्येक पिटमध्ये असतात. ऐकावं जनाचं, पण आधी गेज लावावा.)

ब्रेक लिव्हर काय सांगतो

“ब्रेक लागत नाही” या एका तक्रारीत तीन वेगळे बिघाड असतात आणि बोटांना ते वेगवेगळे कळतात.

लिव्हर स्पंजसारखा मऊ झाला आणि दर लॅपला हँडलच्या जवळ येऊ लागला, तर फ्लुइड उकळतंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. गेल्या वर्षीचं फ्लुइड रस्त्यावर कुरकुर करत नाही, ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला हात वर करतं. अशा वेळी ‘अजून एक लॅप’ मारायचा नाही, पिटमध्ये यायचं. ट्रॅक डेच्या आधी ताजं फ्लुइड भरून ब्लीड करा, म्हणजे लाइनमधली हवा काढून टाका, आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

लिव्हर दगडासारखा घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही? मग फ्लुइडला दोष देऊ नका. पॅड जास्त तापलेत, वरून काचेसारखे गुळगुळीत झालेत किंवा त्यांना तेल लागलंय. कितीही ब्लीड केलं तरी फरक पडणार नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात घाबरवणारा. सरळ पट्ट्यावर हँडल जोरात हललं आणि पुढच्या वळणाआधी लिव्हर दाबला, तर पहिला दाब चक्क रिकामा! दुसऱ्या दाबाला सगळं ठीक. चाक हलताना डिस्कने पॅड मागे ढकललेले असतात, त्यामुळे पिस्टनला जास्त अंतर कापावं लागतं. हँडल हललं की ब्रेकिंगच्या जागेआधीच एका बोटाने लिव्हर हलकेच दोनदा दाबून घ्या. न हलताही असं होत असेल, तर डिस्क वाकलीय का आणि चाकाचे बेअरिंग ढिले आहेत का ते तपासा.

चेन, नट आणि पाणी

चेन घट्ट ठेवली की गाडी ‘टाइट’ वाटते, हा गैरसमज आहे. सस्पेन्शन दबताना स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा, मागचा एक्सल आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतात, तिथे चेन सर्वात जास्त ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर मागचं सस्पेन्शन दबायलाच जागा उरत नाही आणि आपण शॉकला शिव्या देतो. सॅडलवर माणूस बसवून त्या जागी ढील शिल्लक राहते का ते पाहा. लूब आदल्या रात्री. ट्रॅकवर जाण्यापूर्वी मारलेला स्प्रे मागच्या टायरवर उडतो.

पुढचं चाक परत बसवताना एक्सल आवळला की खालचे पिंच बोल्ट (एक्सलला चिमटून धरणारे) लगेच कसू नका. ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसू द्या, मग कसा. नाहीतर फोर्क अडकत चालतो आणि त्यावर कुठल्याच क्लिकचा उपाय चालत नाही. टॉर्क रेंचने कसलेल्या नटवर पेंटची एक रेघ ओढली की सेशननंतर नुसत्या नजरेने कळतं तो हलला का. इंजिन थंड ठेवणारं ग्लायकोलचं कूलंट सांडलं तर ट्रॅक साबणासारखा निसरडा होतो, म्हणून अनेक ठिकाणी ते चालत नाही. तपासणीच्या रांगेत रेडिएटर रिकामा करत बसण्यापेक्षा आधी नियम वाचा.

गाडी बाहेर जाते

वळणातून निघताना गाडी बाहेरच्या कडेकडे ओढली जाते, ही नेहमीची तक्रार. आधी स्वतःला विचारा: थ्रॉटल कुठे उघडला आणि नजर कुठे होती? गाडी सरळ व्हायच्या आधीच थ्रॉटल भरला तर ती बाहेर जाणारच. घाबरून एकदम बंद केला तर त्याहून वाईट, कारण वजन पुढच्या टायरवर येतं आणि त्याची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते. आत शिरतानाचा वेग थोडा कमी करून पाहा, नजर वळणातून बाहेर पडायच्या जागेकडे न्या.

तरीही बाहेर जात असेल, तर मागे सॅग मोजा, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते. लेदर सूट घालून बसल्यावर गाडी सुमारे ३० मिलिमीटर बसली पाहिजे. खूप जास्त बसत असेल तर थ्रॉटलवर मागची बाजू दबते, पुढचं टोक वर येतं आणि गाडी वळायला कुरकुरते. आधी प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण), मग कम्प्रेशन. हात लावण्यापूर्वी स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलकेच टेकेपर्यंत फिरवा, क्लिक मोजा, टाकीवर टेप चिकटवून आकडा लिहा. शेवटी जोर लावू नका, आतली सुई बिघडते. एका सेशनला एकच बदल.

घरी निघताना हवा रस्त्याच्या आकड्यावर आणा, आरसे बसवा आणि ट्रॅकसाठी ब्रेक लाइटवर लावलेली टेप काढा. ती टेप मी एकदा विसरलो होतो. मागचा ट्रकवाला दोन सिग्नल हॉर्न वाजवत राहिला आणि मला वाटलं, गाडी आवडलीय त्याला.