सॉकेट तुटलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमधील माहिती कशी परत मिळवावी

आजीच्या आवाजातील ओव्या, मुलाची मुंज आणि इंदूरच्या रामबागेत गणेशोत्सवात बसवलेले नाटक, हे सारे ज्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये आहे तिचे सॉकेट, म्हणजे केबल खोचायची खाच, निखळले, की घरातल्यांचा धीर सुटतो. माहिती मात्र आतील चुंबकीय तबकड्यांवर असते, आणि सॉकेट तुटल्याने तिला सहसा धक्का लागत नाही. ती गमावली जाते ती बहुधा त्यानंतरच्या घाईत.

आधी दुसरी केबल लावून पाहावी, कारण चपट्या मायक्रो-बी केबलचे टोकही झिजते. सॉकेटच डुगडुगत असेल, तर केबल तिरकी धरून किंवा खाली कागदाची घडी सारून डिस्क चालवत राहू नये. संपर्क मध्येच तुटला की फाइल व्यवस्था बिघडू शकते, आणि वाकलेल्या पिना एकमेकींना टेकल्या तर बोर्डच जळू शकतो.

त्यानंतर केबल काढून प्लास्टिकचे कवच पातळ पट्टीने हलकेच उघडावे. धातूच्या सीलबंद डबीचे झाकण मात्र कदापि उघडू नये. तबकडी आणि तिच्यावरची माहिती वाचणारे हेड यांच्यामध्ये धुळीचा कणही मावणार नाही इतके कमी अंतर असते.

पुढचा सगळा मार्ग आत काय दिसते यावर ठरतो. यूएसबी सॉकेट एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असेल, तर तो बोर्ड सरळ ओढून काढता येतो आणि त्यामागे ७ व १५ पिनांचे साटा कनेक्टर, म्हणजे डिस्क संगणकाला थेट जोडण्याची टोके, दिसतात. साटा ते यूएसबी अडॅप्टर इंदूरच्या आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलसारख्या संगणक बाजारात मिळते. २.५ इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, ३.५ इंचीला १२ व्होल्टही लागतात, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र वीजजोडणीचे अडॅप्टर घ्यावे. वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्कमध्ये हा छोटा बोर्डच माहिती कूटबद्ध करतो, म्हणजे त्याच्याशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात साठवतो, आपण पासवर्ड ठेवला नसला तरीही. अशी डिस्क अडॅप्टरला लावल्यावर विंडोजला ती कोरी वाटते आणि ते ती ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करायला सुचवते. तेथे नकार द्यावा, आणि मूळ बोर्ड जपून ठेवून त्याचेच सॉकेट दुरुस्त करून घ्यावे.

वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबाच्या अनेक छोट्या डिस्कमध्ये असा वेगळा बोर्ड नसतोच. यूएसबी सॉकेट डिस्कच्या मुख्य बोर्डावरच डाखलेले असते. तसाच दिसणारा दुसरा बोर्ड आणून लावल्याने काम होत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणी मूळ बोर्डावरील रॉम या स्मृतिचिपमध्ये नोंदलेली असते. येथे सूक्ष्मदर्शकाखाली डाखकाम करणारा कुशल कारागीरच हवा. बोर्डावरील तांब्याचे पट्टे उखडले असले तरी ५ व्होल्ट, ग्राउंड आणि यूएसबी २.० च्या दोन डेटा रेषा बारीक तारांनी जोडून बहुधा काम भागते. वेग कमी मिळतो. सेकंदाला ३५ एमबी धरले, तर १ टीबीला सुमारे ८ तास लागतात. माहितीसाठी एवढी वाट पाहायला काहीच हरकत नाही. दुकानात आपल्याकडे इंदूरला बोलणे हिंदीतच होते, तेव्हा काम देतानाच निक्षून सांगावे: ‘डेटा चाहिए, डिस्क नहीं, फॉरमॅट मत करना।’

डिस्क दिसू लागली की तिच्यावर काहीही लिहू नये, दुरुस्तीचे सॉफ्टवेअरही चालवू नये. पुन्हा न मिळणाऱ्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. वाचनात चुका येत असतील, तर लिनक्सवरील डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर बनवून पुढचे काम त्या प्रतिमेवर करावे. टकटक असा आवाज आला, तर त्याच क्षणी वीज तोडावी, कारण तो बिघाड सॉकेटचा नव्हे, हेडचा असू शकतो, आणि ते काम धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचे आहे.

दुकानातून निघण्यापूर्वी नकलेतील दोन-चार ध्वनिचित्रफिती मधून आणि शेवटाजवळून चालवून पाहाव्यात. नाव व आकार बरोबर दिसणारी फाइलही आतून खराब असू शकते.