होळीच्या आठवड्यात रजा घेऊ नका

समाजकार्याची पदवी हातात पडली की जळगाव, धुळ्याकडची मुलंमुली मला विचारतात, "ताई, संस्थेत काम करायचंय, तयारी काय करू?" मी आधी विचारते, "होळीला कुठं असता?" प्रश्न त्यांना विचित्र वाटतो. मला तो सुचायला दीड वर्ष लागलं होतं.

माझं गाव अमळनेर तालुक्यातलं. पहिली नोकरी लागली नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर, बालपोषणाच्या प्रकल्पात. अहिराणी येते म्हणजे खान्देशात कुठंही निभेल, असं मी धरून चालले होते. घाट चढून वर गेलं की पावरी आणि भिली सुरू होते. पहिले तीन महिने अंगणवाडीताई सांगतील तेवढंच मला कळायचं. भाषेसाठी हे तीन महिने तुम्हीही द्या, बाकीचं सगळं त्यानंतर.

आमची वार्षिक मोजणी जानेवारीत व्हायची, कारण मार्चअखेर देणगीदाराला अहवाल जायचा. दंडघेराची पट्टी साधी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर गुंडाळायची. 11.5 सेंटिमीटरच्या खाली तांबडा रंग, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. 11.5 ते 12.5 पिवळा, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषित. मूल हात ताठ करतं, रडतं. पट्टी आवळली तर आकडा कमी येतो, ढिली सोडली तर जास्त. हात सैल पडेपर्यंत थांबावं लागतं. त्या जानेवारीत तांबड्यातली मुलं जूनमध्ये होती त्याच्या निम्म्यावर आली. कार्यालयात सगळे खूश झाले. अहवाल मीच लिहिला, अभिमानानं लिहिला.

मग होळी आली. सातपुड्यातली होळी म्हणजे नुसता सण नाही, गेलेली माणसं त्या आठवड्यात घरी येतात. ढोल वाजत होते, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराची खरेदी चालली होती. अंगणवाडीताईंनी मला बोलावून घेतलं. "ताई, पट्टी आणली का?" ओट्यावर नऊ मुलं बसली होती. त्यातल्या अडीच वर्षांच्या पोराला पट्टी लावली आणि ती तांबड्यात गेली. जूनमध्ये तो पिवळ्यात होता. जानेवारीच्या वहीत त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "घर बंद".

उघड्या दारांची मुलं मोजून मी कुपोषण घटल्याचं लिहिलं होतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादमानं, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारानं, दिलेली उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घरात खर्चून झालेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून लहान मुलंही सोबत जातात. अंगणवाडीचा आहार पाड्यावरच राहतो. त्या पोराला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावं लागणार होतं, साधारण चौदा दिवस. आईला बुडीत मजुरी मिळते, हे मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मजुरी देशाल, पण उचल कोण फेडेल? मी राहिले तर नवऱ्याचा अर्धाच कोयता." चौथ्या दिवशी ती पोराला घेऊन टोळीबरोबर परत गेली. पाहिजे होतं पोषण, आणि अडलं होतं कर्जावर. हे प्रकल्पाच्या कागदात कुठंच नव्हतं.

पैसा कुठून येतो हे म्हणून समजून घ्या. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. साहजिकच त्यांचं वर्ष मार्चला संपतं, पाड्याचं वर्ष होळीला नि अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वळतं. परदेशी निधीचे नियम 2020 मध्ये कडक झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. मोठ्या संस्थांच्या आधारानं चालणाऱ्या गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना याची झळ बसली. मुलाखतीत न लाजता विचारा: माझा पगार कोणत्या निधीतून, तो कधीपर्यंत मंजूर आहे, आणि निधी थांबला तर पाड्यावरचं काम कोण बघणार?

देणगीशिवायही इथं खूप काही घडलेलं आहे, ते वाचून या. शहाद्यात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्ल नेते अंबरसिंग महाराजांच्या त्या चळवळीत आदिवासींनी गेलेल्या जमिनी आणि सालदारांची, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतमजुरांची, मजुरी मागितली, दान मागितलं नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं स्वतःचे नियम करून जंगल राखलं, तिथल्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. माझं मत असं की देणगीचा पैसा पट्टी, गाडी, पगार पुरवतो, पण उचलीचा प्रश्न ग्रामसभेत बोलला जात नाही तोवर तांबडा रंग परत परत येतो.

मी दुरुस्त आकडे लिहून पाठवले. वरिष्ठांना ते आवडलं नाही, पुढच्या हप्त्याची काळजी होती. देणगीदाराकडच्या बाईंनी मात्र एकच विचारलं, "बंद घरं किती?" तिथून मोजणी दिवाळीआधी आणि होळीत अशी दोनदा ठरली.

आता आमच्या वहीत "घर बंद" लिहायचं नाही. त्या जागी चार रकाने आहेत: कोणत्या गावाला गेले, मुकादम कोण, तिथल्या अंगणवाडीला कळवलं का, परत कधी येणार. तुम्ही जिथं रुजू व्हाल तिथं पहिल्या दिवशी ती वही मागून बघा.