आधीची खेप कशाची होती? धान्य-पशुखाद्य वाहतुकीत नव्याने येणाऱ्यांसाठी

धान्य आणि पशुखाद्याच्या वाहतुकीत यायचं म्हणणारे लोक मला आधी भाडं विचारतात, मग गाडी कुठली मिळेल ते, मग घरी कधी जायला मिळतं ते. हे सगळं विचारायलाच हवं. पण मोठ्या कंपनीच्या फाटकावर गाडी लागली की तिथला माणूस तुम्हाला जे विचारतो ते वेगळंच असतं: याआधी ट्रेलरमध्ये काय भरलं होतं? या प्रश्नाचं खरं आणि लेखी उत्तर ज्याच्याकडे कायम तयार असतं, तो ड्रायव्हर या धंद्यात टिकतो. बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं मत हेच झालं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

काही कंपन्यांना मागची एक खेप सांगून भागत नाही. युरोपात रुजलेल्या जीएमपी प्लस या पशुखाद्य-सुरक्षेच्या पद्धतीत मागच्या तीन खेपांची नोंद दाखवावी लागते. आधी काय वाहिलं त्यावरून सफाईची पायरी ठरते. ए म्हणजे कोरडी झाडलोट, बी म्हणजे पाण्याने धुणं, सी म्हणजे सफाईचं रसायन वापरून धुणं आणि डी म्हणजे निर्जंतुकीकरण. नव्या माणसाला ही कागदपत्रांची कटकट वाटते. तिच्यामागे काय घडून गेलंय हे कळलं की मग वाटत नाही.

१९७३ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात खाद्यात घालायच्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जागी पीबीबी नावाच्या आगरोधक रसायनाची पोती खाद्याच्या कारखान्यात पोचली. दोन्ही उत्पादनांची नावं एकमेकांच्या फार जवळची होती. पुढे सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, आणि काय झालंय ते उमगेपर्यंत लोक त्याच जनावरांचं दूध नि मांस खात होते. १९९९ साली बेल्जियममध्ये पशुखाद्यासाठीच्या चरबीत पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन असलेलं तेल मिसळलं गेलं, आणि कोंबड्या-अंडी दुकानांच्या फळ्यांवरून काढावी लागली. या दोन्ही ठिकाणी खाद्य डोळ्यांना नेहमीसारखंच दिसत होतं.

आता रोजच्या कामातलं उदाहरण. मोनेन्सिन हे औषध कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात बऱ्याच ठिकाणी घालतात, ठरलेल्या प्रमाणात त्यांना ते चालतं. घोड्याला मात्र त्यातली थोडी मात्राही हृदयावर बेतते, घोडा मरतो. खाद्याच्या ट्रेलरला कप्पे असतात आणि सगळ्या कप्प्यांचा माल तळाच्या एकाच ऑगरमधून, म्हणजे मळसूत्री दांड्यातून, बाहेर पडतो. कप्पा झाडून लख्ख केला आणि ऑगरच्या नळीत आधीचं खाद्य राहिलं, तर ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या टाकीत सगळ्यात आधी पडतं. म्हणून औषधी खाद्यानंतर ऑगर मोकळा फिरवायचा, त्यातून साधा माल काढून नळी साफ करायची, आणि खेपांचा क्रमच असा लावायचा की औषधी खाद्यानंतर घोड्यांचं खाद्य येणारच नाही. क्रम ऑफिसमध्ये लावतात हे खरं. तरीही यादी हातात आली की स्वतः वाचा आणि खटकलं तर गाडी हलवण्याआधी फोन करा.

धान्याच्या बाजूला हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. माल उतरवण्याआधी नमुना घेतात. वरून एक पोकळ नळी येते, ट्रेलरमध्ये तीन-चार ठिकाणी खोल खुपसली जाते आणि धान्य ओढून आत खोलीत नेते. तिथे ओलावा, माती-कचरा, फुटके दाणे, कुबट वास आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, पाहतात. एकदा माझ्या पुढच्या गाडीच्या नमुन्याचा ट्रे मी खिडकीतून पाहत होतो. तपासणाऱ्या बाईंनी गहू पसरला, बोटाने चाळवला आणि दोन दाणे कडेला सारले. गुलाबी दाणे. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळतात आणि ते खाण्यात जाऊ नये म्हणून त्याला रंग देतात. त्या ट्रेलरने आधी बियाणं वाहिलं होतं. आख्खी गाडी परत गेली. गहू उत्तम होता, शेतकऱ्याचा काही दोष नव्हता, आणि हे दाणे बहुधा हॉपरच्या, म्हणजे ट्रेलरच्या तळाच्या निमुळत्या भागाच्या, दाराच्या खाचेत अडकून राहिलेले असावेत.

दाणे दडून बसतात त्या जागा ठरलेल्या आहेत: हॉपरच्या उतरत्या भिंतींचे कोपरे, दार सरकतं ती पट्टी, आतल्या आडव्या सळ्या, शिडीच्या पायऱ्या आणि ताडपत्रीची घडी. ताडपत्री बहुतेक जण विसरतात. टॉर्च, लांब दांड्याचा ब्रश आणि हवेचा झोत एवढं जवळ ठेवा. धुतलं असेल तर पूर्ण वाळू द्या. ओल्या ट्रेलरमध्ये भरलेलं खाद्य भिंतीला थापलं जातं, तिथेच बुरशी धरते, आणि तुमची सफाईच पुढच्या खेपेची घाण होते. परतीच्या भाड्यासाठी खत भरायला सांगितलं, तर धुण्याचा वेळ आणि खर्च धरून ते परवडतं का ते आधी पाहा.

भरणं हे हाताला बसणारं काम आहे, वाचून येत नाही. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात ठेवा: माल बदलला की वजनाचा अंदाज बदलतो. १०० लिटर गहू साधारण ७७ किलो भरतो, मका ७२ आणि ओट जेमतेम ४१. ओटने ट्रेलर काठोकाठ भरला तरी वजन मर्यादेत राहू शकतं. गव्हाचं तसं नाही, वर बरीच जागा रिकामी दिसत असताना गाडी ओव्हरलोड झालेली असते. एकूण वजन बरोबर असूनही पुढच्या किंवा मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त भार आला तर दंड होतो, म्हणून माल पडतो त्या नळीखाली गाडी थोडी थोडी पुढे घेत भरायची. भरलेली गाडी उंचावर जड असते. वळणावर वेग रिकाम्या गाडीच्या सवयीने धरू नका.

आता जिवाचं. दार उघडं असताना, माल वाहत असताना ट्रेलरमध्ये किंवा सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच कोठारात, पाय ठेवायचा नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही. वाहत्या धान्यात चार-पाच सेकंदांत पाय असे रुततात की स्वतःहून निघता येत नाही, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत माणूस पूर्ण गाडला जातो. कमरेपर्यंत गेलेल्यालाही नुसतं हाताने ओढून काढता येत नाही. सोयापेंड, किंवा मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, प्रवासात घट्ट बसतो. खालून माल निघून जातो, वर कमान तशीच राहते, आणि वरून पाहणाऱ्याला ती भक्कम जमीन वाटते. बाहेरून रबरी हातोड्याने ठोका, व्हायब्रेटर लावा, लांब काठीने पाडा. कीड मारायला धुरी दिलेल्या मालावर फॉस्फिन या विषारी वायूची पाटी असते. ती दिसली तर वास घेऊन खात्री करायला जाऊ नका, तिथल्या माणसाला विचारा. आणि शेतावर खाद्याच्या टाकीत माल सोडताना ऑगरचा हात वर न्यायच्या आधी मान वर करून विजेच्या तारा पाहा. रात्री तर गाडीतून उतरून पाहा.

शेतावर जाताना तुम्ही रोगही वाहू शकता. २०१८ साली आफ्रिकन स्वाइन फीवर चीनमध्ये पोचला, तेव्हापासून वराहपालनाच्या फार्मवर नियम फार कडक झाले. कुक्कुटपालनातही बर्ड फ्लूमुळे तेच. चाकं फवारून घ्यायची, बुटांवर आच्छादन चढवायचं, प्रजननाचा फार्म आधी आणि आजाराचा संशय असलेला फार्म सगळ्यात शेवटी. टाकीचा नंबर पावतीवर आणि टाकीवर, दोन्हीकडे वाचा. वाढत्या पिलांचं खाद्य अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या टाकीत गेलं तर ते परत काढण्यात आख्खा दिवस जातो, आणि कवच कशामुळे पातळ होतंय ते शेतकरी शोधत बसतो.

पैशाचं शेवटी लिहितोय. भाडं टनावर असो की अंतरावर, कमाई खाते ती रांग. सुगीत उतरवण्याची रांग तासन् तास हलत नाही, आणि त्या वेळाचे पैसे सगळेच देतात असं नाही. काम स्वीकारण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: थांबण्याचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात, ट्रेलर धुण्याचा खर्च कोणाचा, ओलाव्यामुळे किंवा कचऱ्यामुळे माल परत आला तर परतीचं भाडं कोण देतं, आणि भरताना नि उतरवताना वजनात फरक आला तर कुठला काटा धरायचा. समोरचा माणूस भला असतो, तोंडी हो म्हणतो, पण वाद होतो तेव्हा बहुतेक वेळा त्या जागी दुसराच कोणीतरी बसलेला असतो. काटा-पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, त्या पावत्यांवरची शाई उन्हात उडते.