पंचगंगेची पूररेषा: हायड्रॉलिक मॉडेल कसे उभारावे

नदीकाठच्या जमिनीवर काय बांधता येईल, हे महाराष्ट्रात दोन पूररेषांवर ठरते. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. या रेषा मॉडेलवरून, म्हणजे नदीच्या प्रवाहाच्या संगणकीय गणितावरून, कशा काढाव्यात, हे येथे कोल्हापूरच्या पंचगंगेच्या आधारे मांडले आहे, कारण २०१९ आणि २०२१ अशा दोन महापुरांच्या नोंदी या नदीवर उपलब्ध आहेत.

सर्वांत आधी अभ्यासक्षेत्राची खालची सीमा ठरवावी. माझ्या मते अर्धे काम तिथेच होते किंवा बिघडते. शहराचा नकाशा हवा म्हणून राजाराम बंधाऱ्यापाशी थांबणे चुकीचे आहे. पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, या टप्प्यात नदीला उतार फार थोडा आहे, आणि कृष्णा भरून वाहत असली की तिचा फुगवटा पंचगंगेत मागे चढतो. म्हणून मॉडेल संगमाच्या खालपर्यंत न्यावे आणि कुरुंदवाड येथील प्रत्यक्ष पाणीपातळीच्या नोंदी सीमा म्हणून द्याव्यात. कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणामुळे इथला पूर वाढतो का, यावर दरवर्षी वाद होतो. खालची पातळी बदलून मॉडेल पुन्हा चालवले, तर तिचा परिणाम कुठपर्यंत पोहोचतो हे निदान आकड्यांत बोलता येते.

यानंतर जमिनीची उंची. उपग्रहावरून मिळणाऱ्या मोफत उंचीनकाशांत काही मीटरची चूक असू शकते आणि सपाट शिवारात एका मीटरची चूक रेषेला शेकडो मीटर सरकवते. त्यामुळे लायडार (हवेतून लेसर किरणांनी केलेले उंचीमापन) किंवा प्रत्यक्ष सर्वेक्षणाला पर्याय नाही. पाण्याखालचे पात्र होडीतून मोजून नदीचे आडवे छेद घ्यावेत. शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव, पूल आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे खांब वेगळे नोंदवावेत. मॉडेल जमीन चौकटींच्या जाळीत विभागते; भरावाचा माथा त्या चौकटींमध्ये हरवला, तर मॉडेलमधले पाणी रस्त्यातून आरपार जाते. बंधाऱ्यावरील पट्टी फुटांत असते (राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे), म्हणून तिचा शून्य समुद्रसपाटीच्या संदर्भात कुठे येतो, हे लेव्हल (उंची मोजण्याचे सर्वेक्षण उपकरण) लावून तपासल्याशिवाय एकही आकडा मॉडेलमध्ये भरू नये.

विसर्गासाठी दरवर्षीच्या कमाल प्रवाहांची मालिका घेऊन गम्बेल किंवा लॉग पिअर्सन या संख्याशास्त्रीय पद्धतीने २५ आणि १०० वर्षांच्या पुराचे आकडे काढावेत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या पंचगंगेला पाणी देणाऱ्या नद्यांचे प्रवाह स्वतंत्र द्यावेत, कारण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचा वाटा एकदम वाढतो. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षे निश्चिंती नव्हे: ३० वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते, हे नकाशावरच छापावे.

मॉडेलसाठी एचईसी-रास ही मोफत संगणक प्रणाली पुरेशी आहे. पात्र सोडून पाणी शिवारात पसरते तिथे द्विमितीय (प्रवाह लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांनी मोजणारे) गणित वापरावे. मॅनिंगचा गुणांक, म्हणजे जमीन आणि पिके पाण्याला किती अडवतात हे सांगणारा आकडा, ठरवताना विशेष काळजी घ्यावी. तक्त्यांत उभ्या पिकांसाठी ०.०४ च्या आसपासचे मूल्य मिळते, पण ऑगस्टमधला दाट ऊस पाण्याला त्याहून बराच अधिक अडवतो, म्हणून ०.०६ ते ०.१० पर्यंतची मूल्ये तपासून पाहावीत.

आता पडताळणी. गुणांक २०१९ च्या पुरावर जुळवावेत आणि नंतर त्यांना हात न लावता २०२१ चा पूर चालवावा. दोन्ही वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. केवळ बंधाऱ्यावरची पातळी जुळून भागत नाही. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावांत भिंतींवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा लेव्हलने मोजाव्यात, आणि ढगांतूनही दिसणाऱ्या रडार उपग्रहाच्या चित्रांशी पसरलेले पाणी ताडून पाहावे. खुणा जुळवण्यासाठी गुणांक अवास्तव होऊ लागला, तर दोष बहुधा उंचीत किंवा विसर्गात असतो. तिथे परत जावे.

रेषा गट नंबरांच्या नकाशावर उतरवताना खोली, वेग आणि पाणी किती दिवस थांबते, हेही दाखवावे. स्थलांतराचा आराखडा करणाऱ्या तहसीलदाराला त्याचाच उपयोग होतो. पूरसंरक्षक भिंत किंवा नवा भराव सुचवला असेल, तर तो मॉडेलमध्ये घालून समोरच्या काठावर व वरच्या गावांत पातळी किती सेंटिमीटर वाढते, ते गावनिहाय काढावे आणि मंजुरीपूर्वी त्या ग्रामपंचायतींपुढे ठेवावे.